बंदिशीला डान्स बीट लावताना तालातली ‘खाली’ हरवू नका

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही देवगडच्या, बारा वर्षं शास्त्रीय गाणं शिकलेल्या. भूप रागातली द्रुत तीनतालाची एक पारंपरिक बंदिश तुम्ही गायलात आणि धाकट्या भावाने लॅपटॉपवर तिला मिनिटाला १२४ ठोक्यांच्या लयीचा डान्स बीट लावला. गणपतीत वाडीतल्या मंडळासमोर ते वाजवलं, तेव्हा तुमचे गुरुजी काही न बोलता उठून गेले. आणि ज्यांच्यासाठी बीट लावला ती पोरंही नाचली नाहीत, पाच मिनिटांत त्यांनी बेंजोवाल्यांना उभं केलं. आता तुम्ही विचारताय की शास्त्रीय गाण्याला असा बीट लावणं मुळातच चूक आहे, की आपलं काही चुकलं?

लावणं चूक नाही. तुमचं चुकलंय, आणि नेमकं कुठे ते सांगता येईल. तुम्ही पाठवलेलं गाणं मी सहा-सात वेळा ऐकलं. गुरुजींना जे खटकलं आणि पोरांचे पाय ज्यामुळे अडले त्याचं मूळ जवळजवळ एकच आहे. म्हणून हे उत्तर लांबतंय.

मी सुरुवातीला दशावतारात पायपेटी वाजवायचो, मग भजनाला साथ, मग ऑर्केस्ट्रात कीबोर्ड. गेली कित्येक वर्षं कुडाळला माझी रेकॉर्डिंगची छोटी खोली आहे. शास्त्रीय चिजांना आणि नाट्यपदांना बीट लावायचं काम माझ्याकडे दर श्रावणात येतं. त्यातल्या पहिल्याच कामात मी तीच चूक केली होती जी तुमच्या भावाने केली. कलावतीतला एक तराणा होता. मला तो फार आवडला होता, गाणाराही खूश होता. डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याच्या, आधी लोक जमत असताना तो लावला. आमच्या भागातले एक वयस्क पखवाजी बाजूला बसून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "रे, सम खंय गेली?" सम म्हणजे आवर्तनाची, तालाच्या एका फेऱ्याची, पहिली मात्रा; खाली म्हणजे जिथे टाळीऐवजी हात बाहेर वळवतात ती, तीनतालात नववी. त्या रात्री घरी येऊन मी हाताने टाळी-खाली देत ते ऐकलं. सम खरंच कुठे नव्हती.

आता तुमचं गाणं घ्या. तुमच्या बंदिशीचा मुखडा, म्हणजे सुरुवातीची पुन्हा पुन्हा येणारी ओळ, नवव्या मात्रेवरून उठतो. तीनतालातल्या कितीतरी द्रुत बंदिशी अशा खालीपासूनच सुरू होतात, आठ मात्रा चालून समेवर येतात. भावाने मात्र सॉफ्टवेअरमध्ये तुमचा आवाज जिथे सुरू झाला तिथेच पहिल्या घराची (चार ठोक्यांच्या गटाची) रेघ ओढली. म्हणजे त्याची 'एक' पडली तुमच्या नऊवर. तुम्ही साधारण २४८ मात्रांच्या गतीने गाताय आणि किक (ड्रमचे जाड, खालचे ठोके) मिनिटाला १२४ आहेत, म्हणजे दोन मात्रांना एक किक. सोळा मात्रांच्या आवर्तनात आठ किक, त्यांची चार-चारची दोन घरं. त्याची सगळी मांडणी तुमच्यापासून बरोबर चार किक सरकलेली आहे. प्रत्येक मोठी झांज, प्रत्येक उठाव, बेसची प्रत्येक नवी सुरुवात खालीच्या मात्रेवर आदळते, आणि तुम्ही ज्या समेवर इतक्या सुरेख उतरता तिथे पुढच्या घराचा एक साधा ठोका असतो. सगळे ठोके सारखेच वाजत असल्याने त्याच्या कानाला हे कळलं नाही.

पोरांना मात्र कळलं. त्यांना सम शब्दात सांगता येणार नाही, पण ती पाळण्यात असल्यापासून भजनातला पखवाज ऐकतायत, शिमग्याला ढोलाच्या मागे पालखीबरोबर धावतायत. ठेका कुठे सुटतो आणि कुठे येऊन बसतो हे आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाच्या अंगात असतं. गाणं एकीकडे बसतंय आणि ढोल दुसरीकडे, असं झालं की शरीर थांबतं. नाच म्हणजे थेट समेवरचा विश्वास आहे.

दुरुस्ती अगदी साधी आहे. सगळा बीट चार किक पुढे सरकवा, मुखड्याचा समेपर्यंतचा भाग किकशिवाय मोकळा सोडा आणि पहिला खरा ठोका पहिल्या समेवर द्या. एवढं केलंत तरी अर्धं गाणं जागेवर येईल.

उरलेलं अर्धं खालीचं आहे, आणि मला सगळ्यात जास्त त्याबद्दलच बोलायचंय. ठेका मनात म्हणा: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. तबल्यातल्या डग्ग्याचा घुमारा दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत बंद होतो आणि चौदाव्याला परत येतो. तबलजी आपल्याला आवर्तन मोजून दाखवत नाही. तो पायाखालची जमीन चार मात्रा काढून घेतो आणि परत देतो. ती परत मिळाली की पुढची सम जवळ आली हे कळतं. डान्स म्युझिकचा चार ठोक्यांचा किक हे कधीच करत नाही. तो सतत भरलेला असतो, त्याला खाली नाही. म्हणून त्याच्यावर गायलेला तीनताल सोळा मात्रांचा राहत नाही, नुसती दोन-दोनची रांग होते.

तुमच्या गतीत हे दुरुस्त करणं सोपं आहे. किक पडतात विषम मात्रांवर: १, ३, ५, ७, ९, ११, १३, १५. त्यातले अकरा आणि तेरावरचे, म्हणजे आठातले सहावा आणि सातवा, यांचा खालचा घुमारा काढून टाका. तिथे फक्त टाळी किंवा हाय-हॅट (ड्रममधली झांजेची जोडी) राहू द्या. पंधराव्याला किक परत आणा. चार सेकंदांहून थोडं कमी असं एक आवर्तन, त्यात एका सेकंदापुरती जमीन नाहीशी होते. ऐकणाऱ्याला कारण कळणार नाही, पण समेवरचा ठोका एकदम मोठा वाटायला लागेल, त्याचा आवाज न वाढवता. मी आता प्रत्येक कामात हे सगळ्यात आधी करतो, सूर, पॅड, बाकी सजावट या सगळ्याच्या आधी. भावाला सांगा, एकदा हे दोन घुमारे काढून आणि एकदा ठेवून तेच गाणं ऐक. वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आता गुरुजींकडे येतो. सम सरकली म्हणून ते अस्वस्थ झाले असणारच, पण मला वाटतं ते उठले ते एक मिनिट चाळीस सेकंदांच्या आसपास. तिथे भावाने बेस गंधारावर, म्हणजे ग वर, नेऊन दोन आवर्तनं तिथेच ठेवलाय. पॉप गाण्यात असं चालतं, बेस फिरतो आणि त्याच्याबरोबर वरचे सूर रंग बदलतात. आपल्याकडे सा हलत नाही. सगळ्यात खालचा आणि सगळ्यात जाड सूर जो असेल त्यालाच कान सा मानतो. भूपाचे पाच सूर तेच ठेवा आणि गंधाराला सा माना, तर मालकंस होतो. पंचमाला सा मानलं तर दुर्गा, धैवताला मानलं तर धानी. ही मूर्च्छना पेटीवर दहा मिनिटांत करून बघता येते, करून बघाच. म्हणजे तुम्ही वर प्रामाणिकपणे भूप गात होता आणि बेस खालून सांगत होता की हा मालकंस आहे. ज्यांनी तुम्हाला बारा वर्षं तो सा धरायला शिकवला त्यांना ते कसं सहन होईल?

दुसरी जागा शेवटाकडची. भावाने तुमच्या तानेतला 'सां ध प' हा तुकडा कापून सोळा वेळा लावलाय आणि दर वेळी धैवतावर जोर दिलाय. भूपाचा वादी, म्हणजे मुख्य सूर, गंधार. तेच सूर घेऊन धैवत वादी केला आणि सप्तकाच्या वरच्या भागात राहिलं की देसकार राग. सूर एकही चुकलेला नाही, राग बदललाय. तुकडा कापायचाच असेल तर 'ग रे सा ध़, सा रे ग' असा घ्या, जो गंधारावर येऊन विसावतो. कुठलाही तुकडा वारंवार वाजवणं म्हणजे त्यातल्या शेवटच्या सुराला न्यास, म्हणजे विसाव्याची जागा, देणं आहे, हे लूप करणाऱ्यांच्या डोक्यात नसतं. रागाचं चलन, त्याची चालण्याची रीत, माहीत असलेल्या माणसाने, म्हणजे तुम्हीच, त्याच्या शेजारी बसून तुकडे निवडायला हवेत.

मग बेसने करायचं काय? सा आणि पंचम, बस. लय हवी तर त्या दोन सुरांतच ठोक्यांची जागा बदला. कलावती, भूप, हंसध्वनी, यमन यांना एवढं पुरतं. मालकंसात पंचम नाही, तिथे तानपुरा मध्यमाचा लावतात, तर बेसही सा आणि मध्यम. मारवा मात्र नाचासाठी घेऊच नका. त्यात गाणारा सा टाळत टाळत फिरतो आणि सगळी गंमत त्या टाळण्यात आहे. सेकंदाला दोन वेळा सा ठोकणारा किक ती मारून टाकतो.

किकलाही सूर असतो, हे बरेच जण विसरतात. माझ्याकडे काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून, गाणारे पुरुष बरेच येतात. काळी एकचा खालचा सा सुमारे ६९ हर्ट्झ आणि त्याखालचा पंचम सुमारे ५२. किक या दोनपैकी एकाला जुळवा. तुम्ही काळी पाचमध्ये गाताय, तर खालचा सा सुमारे ५८ हर्ट्झवर येतो, ती किकसाठी फार चांगली जागा आहे. तुमच्या गाण्यातला किक मी तपासला, तो सा आणि कोमल रे यांच्या मधे कुठेतरी आहे. मिनिटाला १२४ वेळा बेसूर सा ऐकू येतोय, म्हणूनच तुम्हाला स्वतःलाही 'काहीतरी गढूळ' वाटलं असं तुम्ही लिहिलंय. आणि ४० हर्ट्झच्या खाली काही ठेवू नका. मंडळाच्या स्पीकरच्या पेट्यांतून ते ऐकू येत नाही, फक्त आवाज फाटतो.

भरीला कीबोर्डचे लांब सूर लावलेत त्यांच्यातला गंधार काढा. कीबोर्डचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा चढा असतो. एका अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर सुमारे चौदा भागांनी. हलत्या सुरात ते निभतं, धरून ठेवलेल्या सुरात दोन गंधार एकमेकांशी भांडतात, आणि भूपात तर तोच राजा आहे. पंचमाचा फरक दोनच भागांचा, तो कुणाला जाणवत नाही. म्हणून भरीला सा-पच ठेवा आणि गंधार फक्त तुमच्या गळ्यातून येऊ द्या. तानपुरा मात्र गाण्यातून पुसू नका. त्याचा १५० हर्ट्झखालचा भाग कापला तरी जवारी, म्हणजे तारेची ती झणकार, वरच्या पट्ट्यात शाबूत राहते आणि किकला खाली जागा मिळते.

पिच करेक्शन, म्हणजे सूर आपोआप सरळ करणारी सोय, पूर्ण बंद करा. प वरून ग वर घसरत येणारी तुमची मींड त्याने दोन पायऱ्या करून ठेवलीय.

ठोक्यांना रेघेवर बसवण्याबद्दलही तेच. तबल्याची खरी साथ घेतलीत तर ती संगणकाच्या रेघेला शंभर टक्के चिकटवू नका. लग्गीतली (तबल्याच्या जलद, खेळत्या वादनातली) बोटं रेघेच्या किंचित मागे-पुढे असतात, झुलणं त्यातच आहे. किक रेघेवर असू द्या, समेवरचा तबल्याचा ठोका त्याच्याबरोबर आणा, मधलं सगळं जसं वाजलं तसं राहू द्या. आणि गाताना कानात क्लिक (यंत्राची टिकटिक) घेऊ नका, ठेका घ्या. त्याच गतीचा साधा तीनताल कानात असला की तुम्ही आवर्तनात गाता. क्लिकवर गाणारा माणूस पुढचा ठोका शोधत बसतो, हे मी वारंवार पाहिलंय.

डान्स म्युझिकमध्ये ज्याला ड्रॉप म्हणतात, म्हणजे सगळं चढवत नेऊन थांबायचं आणि मग एकदम सोडायचं, ते आपल्याकडे आधीपासून आहे. ती तिहाई. पाच मात्रांचा बोल तीनदा, मधे एक-एक मात्रेची विश्रांती: पाच, एक, पाच, एक, पाच. समेवरून सुरू केलात तर बेरीज सतरा होते आणि शेवटचा बोल बरोबर पुढच्या समेवर पडतो. पहिल्या दोन वेळा किक चालू ठेवा, तिसऱ्या वेळी सगळं बंद, फक्त तुमचा आवाज किंवा एकटा पखवाज, आणि समेवर किक, बेस, सगळं एकत्र. मी हे आमच्याकडच्या एका जत्रेत लोकांसमोर पाहिलंय. तिहाई म्हणजे काय हे माहीत नसलेल्या शे-दीडशे माणसांचे पाय एकाच क्षणी पडले. ढोलाच्या नक्कल केलेल्या आवाजांपेक्षा शिमग्याचा खरा ढोल किंवा खालूबाजातली (कोकणातल्या लोकवाद्यांच्या मेळातली) सनई रेकॉर्ड करून अशा जागी वापरलीत तर आणखी चांगलं. ती माणसं आपल्याच गावात आहेत आणि त्यांना मानधन द्यायला हवं.

लयीबद्दल थोडंसं. तीनताल आणि केरवा १२० ते १२८ मध्ये मजेत बसतात. दादरा आणि एकतालही जमतो, एकतालाच्या बारा मात्रा चार-चारच्या तीन घरांत वाटल्या जातात. रूपकाच्या सात मात्रांवर चारचा किक लावाल तर अठ्ठावीस मात्रांनी दोघं एकत्र येतात. ऐकायला सुंदर, नाचायला अवघड, आणि रूपक खालीपासूनच सुरू होतो हेही आहे. विलंबित (अगदी संथ) ख्यालाला हात लावू नका. त्याचं आवर्तन ताणलेलं असतं, त्याखाली नाचाचा ठोका घातला की तो विलंबित राहत नाही.

'हे पाप आहे का' असं तुम्ही शेवटी विचारलंयत, त्यावर माझं मत सांगतो. मुंबईतले फिल्मी वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली डिस्को बीटवर दहा रागांची तबकडी रेकॉर्ड केली. रोलँड कंपनीची तीन यंत्रं वापरली, ठोक्यांसाठी टीआर-८०८, बेससाठी टीबी-३०३ आणि सुरांसाठी ज्युपिटर-८. तेव्हा तिची फारशी दखल घेतली गेली नाही, २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभर ऐकली गेली. टीबी-३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. रागाला ते यंत्र मानवतं त्याचं एक कारण मला यातच दिसतं. अमेरिकेत त्याआधी, १९७६ साली, वॉल्टर मर्फी यांनी बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीला डिस्को बीट लावला आणि ते तिथल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. १९८१ मध्ये लुई क्लार्क यांनी रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाकडून प्रसिद्ध रचनांचे तुकडे एका अखंड ठोक्यावर ओवून घेतले. त्या संगीतात बेस फिरायचाच असतो, घरं आधीच आखलेली असतात, त्यामुळे ठोका लावणं त्यांना आपल्याइतकं जड गेलं नाही. त्यांची रीत जशीच्या तशी उचलली की आपला सा हलतो.

आणि आपल्याच घरात बघा. भास्करबुवा बखल्यांनी १९१६ च्या 'स्वयंवर'साठी ख्यालाच्या बंदिशींवरून पदं बांधली, ती नाटकात बसतील अशी आटोपशीर केली. पुढे तीच पदं तबकडीच्या एका बाजूच्या तीन-सव्वातीन मिनिटांत मावली. रागाचं रूप राखून त्याला नव्या जागेत बसवणं हे काम आपले थोर लोक करत आलेत. माझा आक्षेप निष्काळजीपणाला आहे, बीटला नाही.

कायद्याचंही बघून ठेवा, कारण तुम्ही हे ऑनलाइन टाकणार आहात. पारंपरिक बंदिश कुणाच्या मालकीची नाही, स्वतः गाऊन वापरा. पण दुसऱ्याच्या रेकॉर्डमधून आवाज कापून घेऊ नका. ध्वनिमुद्रणावर प्रसिद्धीपासून ६० वर्षं हक्क असतो आणि चालीवर संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये गेले, त्यांच्या 'मानापमाना'तल्या चाली आज मोकळ्या आहेत. मास्टर कृष्णराव १९७४ मध्ये गेले, त्यांच्या चालींना परवानगी लागेल.

गुरुजींकडे आत्ता पूर्ण गाणं घेऊन जाऊ नका. आधी फक्त चार आवर्तनांचा तुकडा करा: तानपुरा, तुमचा आवाज, तबला, आणि खाली मोकळी सोडलेला सुरात लावलेला किक. दुसरं काहीही नको. लॅपटॉपच्या बारक्या स्पीकरवर नको, त्यात किक ऐकूच येत नाही, एखादी बरी स्पीकरची पेटी घेऊन जा. भावालाही बरोबर न्या आणि ऐकवताना त्याला गुरुजींसमोर हाताने टाळी-खाली द्यायला लावा. त्याचा हात नवव्या मात्रेला बाहेर वळलेला त्यांना दिसू दे. मग त्यांना विचारा की अंतऱ्यातला कोणता तुकडा पुन्हा पुन्हा आला तर चालेल. तो त्यांनीच निवडू दे. दुरुस्त केलेलं गाणं मला पाठवा, पण आवाज आणि तबला वेगवेगळ्या फाइलींत, म्हणजे मला सम मोजता येईल.